बालराजांच्या चित्रांत मूल कुठे असतं?

कोळसा_पेन्सिल

परवा माझी 6 वर्षांची लेक मांडीवर बसून माझ्याबरोबर जुनी चित्रं चाळत होती. आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या हान्स होल्बाइन या चित्रकाराने काढलेलं हेन्रीच्या मुलाचं, इंग्लंडच्या एडवर्डचं, तान्हेपणीचं चित्र आलं तशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, हे आजोबा एवढे छोटे का आहेत?"

आधी हसलो. मग नीट बघितलं तर पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. लाल अंगरखा, सोन्याची कलाकुसर, टोपीत शहामृगाचं पीस. एक हात आशीर्वाद द्यावा तसा उचललेला, दुसऱ्या हातात सोन्याचा खुळखुळा, आणि तो असा धरलाय की राजदंडच वाटावा. एडवर्डचा जन्म ऑक्टोबर 1537 चा आणि होल्बाइनने हे चित्र आठव्या हेन्रीला 1539 च्या नववर्षाची भेट म्हणून दिलं. म्हणजे बाळ जेमतेम सव्वा वर्षाचं. खाली रिचर्ड मॉरिसनच्या लॅटिन ओळी आहेत. त्यांचा मथितार्थ: बाळा, बापासारखा हो, त्याच्या पुढे गेलास तर सगळ्या राजांच्या पुढे गेलास. सव्वा वर्षाच्या जिवाला हा गृहपाठ!

तेव्हापासून बालराजांची आणि कोवळ्या राजपुत्रांची चित्रं शोधून बघतोय. माझं मत असं बनत चाललंय की या चित्रांमध्ये चित्रकाराचं खरं काम मुलाचं मूलपण पुसणं हेच असतं. तुम्हाला काय वाटतं? आणि एखाद्या चित्रात ते मूल निसटून बाहेर आलेलं तुम्हाला दिसलंय का? उदाहरणं द्या, लेकीलाही दाखवायची आहेत.

आगाऊ_पाहुणा

पहिला! बाकी धागा वाचायच्या आधीच निकाल लागलाय. लेकीला कलासमीक्षक नेमा आणि आम्हाला घरी सोडा.

दुपारची_झोप

चित्र आत्ता मोठं करून बघितलं. मला तर त्यात मूल दिसलं. गाल बघा, हनुवटी बघा, टोपीखालून कपाळावर आलेलं विरळ जावळ बघा. होल्बाइनने चेहरा प्रामाणिकपणे बाळाचाच ठेवलाय. आजोबा आहेत ते कपड्यांत आणि हातांत. माझा भाचा त्या वयात खुळखुळा धरायचा तो थेट तोंडात घालायला.

तिरकस

मला यात काही गूढ दिसत नाही. ही सगळी सरकारी जाहिरात आहे. राजा लहान असो की म्हातारा, पैसे देणारा सांगेल तसं रंगवायचं. आपण उगीच कला कला करतो.

नोंदवही

@तिरकस, जाहिरात म्हणता, पण कोणासाठी? हे चित्र चौकात लावलं नव्हतं. ते एका बापाच्या हातात दिलं होतं, आणि पैसे त्याने आधी दिले नव्हते. होल्बाइनने आपणहून भेट दिली आणि राजाने परतभेट म्हणून सोन्याचा मुलामा दिलेलं झाकणाचं पात्र दिलं.

आता त्या बापाची स्थिती बघा. मुलगा हवा म्हणून पहिली राणी सोडली, त्यापायी रोमशी संबंध तोडले, दुसरीचा शिरच्छेद केला. तिसरीला, जेन सिमूरला, मुलगा झाला आणि बाळंतपणानंतर 12 दिवसांत ती गेली. एवढं करून मिळालेला हा एकुलता मुलगा. अशा माणसाला चित्रकार सांगतोय, "महाराज, हे बाळ म्हणजे तुम्हीच." मॉरिसनच्या ओळी बाळाला उद्देशून असल्या तरी वाचणार कोण होतं? हेन्रीच.

होल्बाइननेच 1537 मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवर हेन्रीचं ते प्रसिद्ध चित्र काढलं होतं, पाय फाकवून, छाती काढून, प्रेक्षकाच्या अंगावर आल्यासारखं. मूळ चित्र 1698 च्या आगीत गेलं, नकला उरल्या. आणि एडवर्ड 9 व्या वर्षी गादीवर आल्यानंतरची, विल्यम स्क्रॉट्स या दरबारी चित्रकाराच्या पद्धतीची पूर्णाकृती चित्रं बघा. पाय तसेच फाकवलेले. फरक एवढाच की बापाचे पाय खांबासारखे आणि पोराचे काड्यांसारखे. मूल कुठे असतं म्हणून विचारलंत ना, इथे ते पोटऱ्यांत आहे.

आगाऊ_पाहुणा

"मूल पोटऱ्यांत आहे." हसून हसून पुरेवाट. ही ओळ मी चोरणार.

शाईचा_डाग

एडवर्डवरून आठवलं. स्क्रॉट्सचंच 1546 चं एक विचित्र चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. समोर उभं राहिलं तर चेहरा आडवा ताणलेला, नाक लांबच लांब. उजव्या कडेला जाऊन चौकटीजवळून तिरकं बघितलं की एकदम नीट गोल चेहऱ्याचा मुलगा दिसतो. राजपुत्राला बघायचं असेल तर तुम्हीच तुमची जागा बदला, असा मामला. सत्तेचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही, भले ते करमणूक म्हणून केलेलं असो.

संग्रहालय_भटकी

माझा नंबर आता. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पेनचा दरबारी चित्रकार व्हेलाझ्केझ याचं राजपुत्र बाल्तासार कार्लोसचं घोड्यावरचं चित्र आहे, 1635 च्या सुमाराचं. पोरगं 5-6 वर्षांचं. घोडा मागच्या पायांवर उसळलेला, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात सेनापतीचा दंड, मागे बर्फाचे डोंगर. मी समोर उभी राहिले आणि पहिला विचार मनात आला तो असा की एवढ्या थोर चित्रकाराला घोडा जमला नाही! पोट नुसतं पिंप. पाठीवर पोरगं बाहुलीसारखं ठेवलेलं.

तिथे एक वयस्क बाई शेजारी उभ्या होत्या. त्या सरळ खाली वाकल्या, जवळजवळ उकिडव्या बसल्या, आणि मला खुणेने सांगितलं, तूही बस. बसले. आणि घोडा उडाला हो! पिंप गेलं, घोडा अंगावरून झेप घेत होता आणि तो मुलगा वर आभाळात होता. हे चित्र बुएन रेतिरो राजवाड्याच्या मोठ्या दालनात दरवाजाच्या वर लावायला काढलं होतं. एका बाजूला घोड्यावरचा बाप, चौथा फिलिप, दुसऱ्या बाजूला घोड्यावरची आई, मध्ये दारावर हा. म्हणजे त्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक मुत्सद्द्याच्या डोक्यावरून 6 वर्षांचा वारस घोडा उडवत जाणार. मूल लहान आहे ना? मग त्याला मोठं काढू नका, बघणाऱ्याला खाली उभं करा.

आणि चेहरा? चेहरा अगदी निवांत, थोडा धूसर. त्याला घोड्याचं काही पडलेलंच नाही. कोळसा_पेन्सिल, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तो चेहरा. हा मुलगा राजा झालाच नाही, 1646 मध्ये 16 वर्षांचा असताना वारला.

कुंचलेबहाद्दर

भटकीताई, सुरेख लिहिलंय. मी पोटापाण्यासाठी व्यक्तिचित्रं करतो, म्हणून कारागिराच्या बाजूने थोडं.

मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. वर्षाच्या बाळाची चारपट. 5-6 वर्षांच्या मुलाची पाच-साडेपाच पट. तेव्हा मूल पोक्त दिसायला हवं असेल तर मिशा काढायची गरज नसते, डोकं किंचित लहान करायचं आणि कंबर किंचित वर न्यायची. बघणाऱ्याला फसवणूक कळत नाही, फक्त "अरे, हा लहान असून लहान वाटत नाही" एवढं जाणवतं. दुसरी युक्ती क्षितिजरेषेची. ती मुलाच्या गुडघ्याशी आणली की मूल आपोआप उंच. तिसरी, आसपासच्या वस्तू. खुर्चीची पाठ त्याच्या खांद्याच्या खाली ठेवा, झालं काम.

आणखी एक. मूल बसत नाही हो! 10 मिनिटं मिळाली तर डोक्यावरून पाणी. म्हणून चेहरा समोर बसवून पटकन टिपायचा आणि बाकीचं अंग, कपडे, हात सावकाश नंतर. याचसाठी मोठ्या दरबारी चित्रकारांकडे कपडे आणि झालर रंगवणारे वेगळे हात असायचे. पॅरिसचा इयासेंत रिगो तर त्यासाठी प्रसिद्धच. दुपारची_झोप यांना चेहरा बाळाचा आणि हात आजोबांचे दिसले, त्याचं एक साधं कारण हेही असू शकतं. ते दोन वेगवेगळ्या दिवसांचे आहेत.

तिरकस

हे पटलं. म्हणजे जाहिरात आहेच, पण काम चोख आहे.

नोंदवही

रिगोचं नाव निघालंच आहे तर. 1701 मध्ये त्याने 63 वर्षांच्या चौदाव्या लुईचं ते पावणेतीन मीटर उंचीचं चित्र काढलं. निळा झगा, आत एर्मिनची पांढरी फर, आणि झग्याखालून पुढे आलेले तरण्या नर्तकाचे पाय. चित्र नातवाला, स्पेनच्या पाचव्या फिलिपला, पाठवायचं होतं. ते इतकं आवडलं की आजोबांनी ठेवूनच घेतलं.

1715 मध्ये लुई गेला आणि गादीवर आला 5 वर्षांचा पणतू, पंधरावा लुई. याचे आईवडील आणि थोरला भाऊ 1712 मध्ये गोवरात गेले होते. भावाला वैद्यांनी रक्त काढून काढून मारलं म्हणतात. याला दाई मादाम द व्हाँतादूरने वैद्यांच्या हाती लागूच दिलं नाही म्हणून वाचला. आता त्याच रिगोला सांगितलं, या बाळाचं चित्र काढ. त्याने तेच निळं कापड, तेच एर्मिन, तोच राजदंड घेतला आणि त्यात हे पोर बसवलं. झगा एवढा मोठा की मूल कापडाच्या लाटेत तरंगतंय. आणि गंमत म्हणजे झगा राज्याभिषेकाचा, राज्याभिषेक मात्र 1722 चा! चित्र आधी, घटना मागून.

मला वाटतं इथे मूल पुसलेलं नाहीच, मुद्दाम ठेवलंय. सांगायचं असं आहे की आत कोण आहे याला महत्त्व नाही. झगा मरत नाही.

दुपारची_झोप

"झगा मरत नाही". अंगावर काटा आला.

आगाऊ_पाहुणा

आमच्याकडे थोरल्याचे शर्ट धाकट्याला येतात त्यालाही आता मी राजवंश म्हणणार आहे.

शाईचा_डाग

सगळे युरोपातच रमलेत. जरा मुघल लघुचित्रांकडे वळूया, कारण तिथे उत्तर अगदी वेगळं मिळतं.

अकबर 1556 मध्ये 13 व्या वर्षी बादशाह झाला. पण आपण बघतो ती कोवळ्या अकबराची बहुतेक चित्रं 'अकबरनाम्या'साठी काढलेली, म्हणजे तीसेक वर्षांनंतरची. पन्नाशीकडे झुकलेला बादशाह आपलं तरुणपण काढून घेतोय. त्यात सर्वांत जबरदस्त आहे ते हवाई नावाच्या हत्तीचं, दोन पानांवर पसरलेलं, बसावनने आखलेलं आणि चेतरने रंगवलेलं. प्रसंग 1561 चा, आग्र्याचा. 19 वर्षांचा अकबर मस्तवाल हवाईवर स्वार होऊन रणबाघा नावाच्या दुसऱ्या हत्तीच्या मागे सुटलाय, थेट यमुनेवरच्या नावांच्या पुलावर. नावा हेलकावतायत, माणसं पाण्यात पडतायत, आणि अकबराचा दूधपिता अतगा खान हात जोडून गयावया करतोय. सगळ्या चित्रात एकच माणूस शांत आहे, तो हत्तीवर अनवाणी बसलाय.

'अकबरनामा' लिहिणाऱ्या अबुल फजलच्या सांगण्यानुसार अकबर म्हणायचा, मी मुद्दाम अशा हत्तीवर बसतो. देव माझ्यावर नाराज असेल तर हत्ती मला संपवेल. म्हणजे वेडेपणा नव्हे, ती परीक्षा. इथे तारुण्य लपवायचा प्रश्नच नाही, तारुण्य हाच पुरावा आहे.

पुढे हाच साचा नातवाच्या घरात. 1633 मध्ये यमुनाकाठी हत्तींची झुंज चालू असताना सुधाकर नावाचा हत्ती 14 वर्षांच्या औरंगजेबावर चालून आला. पोरगा पळाला नाही, भाला मारला. 'पादशाहनाम्या'त त्याचं चित्र आहे. ती पोथी आता इंग्लंडात विंडसरला. चित्र बापाच्या, शाहजहानच्या, ग्रंथातलं. तेव्हा औरंगजेबाचा थोरला भाऊ आणि प्रतिस्पर्धी दारा शुकोह याच्या बाजूच्या मंडळींना ते पान उलटताना काय वाटलं असेल याचा विचार करा.

संग्रहालय_भटकी

@शाईचा_डाग, वा! आणि दाराचंच एक उलट टोकाचं चित्र आहे. नन्हा या चित्रकाराचं, 1620 च्या सुमाराचं. शाहजहान (तेव्हा अजून शहाजादा खुर्रम) सोनेरी आसनावर बसलाय आणि समोर छोटा दारा शुकोह, मध्ये रत्नं. तिथे ना हत्ती ना भाला. बाप आणि लेक. बघताना जरा घशाशी येतं, कारण पुढे औरंगजेबाने दाराला मारलं हे आपल्याला माहीत असतं.

कुंचलेबहाद्दर

तांत्रिक पुरवणी: मुघल चेहरे बहुतेक एकचश्मी, म्हणजे एका बाजूने, एकच डोळा दिसेल असे. त्यात गालाचा गोलवा कमी दिसतो, कपाळ-नाक-हनुवटीची रेघ बोलते. म्हणून तिथलं मूल लवकर मोठं दिसतं. समोरून काढलेल्या चेहऱ्यात बाळसं लपवणं फार अवघड.

पागोटे

एवढे परके राजे झाले, आपल्या सवाई माधवरावांची आठवण कुणाला होईना?

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार 1792 मध्ये पुण्यात होता. त्याने काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं सेवकांसह मोठं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. माधवराव तेव्हा 18 वर्षांचे. जन्मानंतर चाळीस दिवसांत पेशवाईची वस्त्रं मिळालेला मुलगा, ज्याने बिनपेशवाईचा एक दिवस आठवावा असा नाही. आणि शेजारी नाना. मला ते चित्र जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा वाटतं की यात बसलेला एक आणि राज्य करणारा दुसरा आहे, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. 1795 मध्ये माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, 21 व्या वर्षी. त्याच वर्षी वेल्सही वारला.

वेल्सच्या रेखाटनांवरून पुढे टॉमस डॅनियलने 1805 मध्ये पुणे दरबाराचं भव्य चित्र केलं, ब्रिटिश वकील मॅलेट तहासाठी आल्याचं, 1790 चा प्रसंग. स्वतः डॅनियल त्या दरबारात नव्हता. तरीही आज आपल्याला तो दरबार "दिसतो" तो त्याच्यामुळेच.

तिरकस

पेशवा राजा कधीपासून झाला? धाग्याचा विषय राजे आहे. राजा साताऱ्याला, पेशवा प्रधान. आधी हे मिटवा.

पागोटे

साहेब, विषय "राजे आणि राजसत्ता" असाही वाचता येतो. गादी साताऱ्याला होती हे शाळेत शिकलोय. उलट माझा मुद्दा त्यामुळे पक्का होतो. सातारचे महाराज, त्यांचा प्रधान, आणि प्रधानाचा कारभारी. सत्ता तीन पायऱ्या खाली उतरली आणि चित्रकाराने कुंचला नेमका कुठे नेला ते बघा.

आगाऊ_पाहुणा

आला! मराठी धाग्यावरचा ठरलेला वळणरस्ता आला. सरकून बसा मंडळी.

नोंदवही

शिवाजी महाराजांबद्दल कुणी विचारायच्या आत: महाराजांची समकालीन किंवा जवळच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी लघुचित्रं आहेत, काही डच संग्रहांतून पोचलेली, पण ती प्रौढ वयाची. बालशिवाजीची जी चित्रं आपल्या डोळ्यांपुढे येतात ती खूप नंतरच्या चित्रकारांच्या कल्पनेतली. म्हणजे "राजाने आपलं बालपण कसं दाखवलं" याची ती उदाहरणं नाहीत, "लोकांना राजाचं बालपण कसं हवं होतं" याची आहेत. दोन्ही प्रश्न वेगळे, दोन्ही चांगले. पेशव्यांचा वाद इथेच थांबवूया का?

तिरकस

थांबवला. हलके घ्या, पागोटेराव.

पागोटे

घेतले.

शाईचा_डाग

वाद मिटला म्हणून कटू विषय काढतो. लहान राजपुत्रांची अशीही चित्रं आहेत ज्यांत सत्ता दुसऱ्याची आहे. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहानंतर टिपू सुलतानचे दोन लहान मुलगे ओलीस म्हणून इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या हाती दिले गेले. रॉबर्ट होमने ते चित्र काढलं, तो तिथे हजर होता. माथर ब्राउननेही काढलं, तो हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. इंग्लंडात हा विषय फार चालला. सगळीकडे साहेब मायाळू वडीलधाऱ्यासारखा हात पुढे करतोय. पोरांना बापापासून तोडतानाचं चित्र, आणि बघणाऱ्याला वाटावं दत्तकविधान चाललाय.

दुपारची_झोप

मग दलीपसिंगांचं घ्यायलाच हवं. मी हे चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गोष्ट माहीत नव्हती आणि मला ते नुसतं देखणं वाटलं होतं. आता बघवत नाही.

दलीपसिंग 1843 मध्ये 5 व्या वर्षी पंजाबचे महाराजा झाले. 1849 मध्ये 10 वर्षांचे असताना राज्य गेलं, कोहिनूरही गेला. 1854 मध्ये इंग्लंडला पोचले तेव्हा 15 वर्षांचे. व्हिक्टोरिया राणीने आपला आवडता चित्रकार विंटरहाल्टर याला त्यांचं चित्र काढायला सांगितलं. बकिंगहॅम राजवाड्यात बैठकी झाल्या. चित्रात शिरपेच आहे, मोत्यांच्या माळा आहेत, जरीचा पोशाख, तलवार, मागे दूरवर काल्पनिक पौर्वात्य इमारती. महाराजा, यात शंकाच नको. फक्त गळ्यात काय आहे बघा: एमिली ईडनने काढलेलं व्हिक्टोरियाचंच छोटं चित्र, हिऱ्यांच्या कोंदणात. ते पूर्वी त्यांच्या वडिलांना, रणजितसिंगांना, भेट दिलेलं होतं.

आणि बैठक चालू असतानाच राणीने कोहिनूर मागवला. नव्याने पैलू पाडून लहान झालेला. मुलाच्या हातात दिला. त्याने खिडकीशी नेऊन निरखून बघितला आणि परत राणीच्या हातात ठेवला.

विंटरहाल्टर त्या खोलीत होता. चित्रात ते नाही.

आगाऊ_पाहुणा

यावर विनोद सुचत नाही. पुढचा प्रतिसाद कुणीतरी द्या.

कुंचलेबहाद्दर

मी देतो. धाग्याच्या उलट्या टोकाकडून. मूल राजा असला की त्याला पोक्त करतात हे झालं. पण राजा म्हातारा झाला की त्याला कोवळा करतात! पहिल्या एलिझाबेथचं इंद्रधनुष्य हातात धरलेलं चित्र 1600 च्या सुमाराचं. बाई साठी ओलांडून बऱ्याच पुढे. चेहरा विशीतला, केस मोकळे सोडलेले. 1596 मध्ये तर तिच्या मंत्रिमंडळाने तिची बेढब चित्रं गोळा करून नष्ट करायचा हुकूम काढला होता. आजच्या फिल्टरवाल्यांनी नतमस्तक व्हावं.

दुसऱ्या रिचर्डचंही तेच. 1377 मध्ये 10 वर्षांचा असताना गादीवर आला. विल्टन डिप्टिक नावाचं जोडफळीचं चित्र 1390 च्या दशकाच्या शेवटचं, म्हणजे तो तिशीच्या आसपास. त्याच्या समाधीवरच्या पुतळ्याला दुभंगलेली दाढी आहे. चित्रात मात्र गुळगुळीत गालांचा मुलगा येशूच्या आईपुढे, मेरीपुढे, गुडघे टेकून आहे आणि समोर 11 देवदूत, प्रत्येकाच्या छातीवर रिचर्डचं पांढऱ्या हरणाचं चिन्ह. देवदूतांनाही गणवेश! त्याला कायम ते अभिषेकाचंच वय हवं होतं बहुधा.

मुद्दा असा की राजाला खरं वय नसतंच. एक ठरलेलं वय असतं, पंचविशीच्या आगेमागे कुठेतरी. लहानांना वर ओढायचं, म्हाताऱ्यांना खाली.

नोंदवही

+१. या "ठरलेल्या वया"ला इजिप्तचा दाखला: तुतनखामून साधारण 9 व्या वर्षी राजा झाला, 18-19 व्या वर्षी गेला. त्याच्या थडग्यातल्या रंगवलेल्या लाकडी पेटीवर तो एकटा रथातून बाण मारतोय आणि समोर शत्रूंचा खच. एका बाजूला न्युबियन, दुसऱ्या बाजूला आशियाई. तीन हजार वर्षांपूर्वीही कुणी "राजाचं वय काय?" विचारलं नव्हतं.

आणि व्हिक्टोरियाचा दाखला याच्या उलट. 20 जून 1837, वय 18, राणी होऊन पहिली मंत्रिपरिषद. काकाच्या सुतकात असल्याने अंगावर काळे कपडे होते. डेव्हिड विल्कीने चित्रात तिला पांढरा पोशाख घातला. काळ्या कोटातल्या म्हाताऱ्यांच्या गर्दीत एक पांढरी आकृती. तिथे कोवळेपण हवंच होतं, आधीच्या काकालोकांना जनता कंटाळली होती. राणीला मात्र ते चित्र पुढे अजिबात आवडेनासं झालं.

तिरकस

म्हणजे धागाकर्त्याचा सिद्धान्त निम्मा पडला. मूलपण पुसतात तेव्हा पुसतात, हवं तेव्हा वापरतात.

शाईचा_डाग

जाता जाता, चित्रातल्या स्वतःला राजाच ओळखेनासा होतो याचंही उदाहरण आहे. चीनचा चियानलोंग बादशाह. इटलीहून आलेला जुझेप्पे कास्तिल्योने, चिनी नाव लांग शिनिंग, याने त्याचं तरुणपणीचं चित्र काढलं होतं. चेहऱ्यावर युरोपी पद्धतीच्या गडद सावल्या त्याने टाळल्या, तिकडे त्या डागासारख्या वाटायच्या. 1782 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या बादशाहाने त्याच चित्रावर चार ओळी लिहिल्या. भाव असा: शिनिंगचा हात चित्रात तरबेज, त्याने मला तरुणपणी काढलं, आज पांढऱ्या केसांचा कुणी खोलीत येतो आणि हा कोण ते त्याला ओळखू येत नाही.

संग्रहालय_भटकी

हे माहीत नव्हतं. जियो!

पागोटे

नेपोलियनच्या पोराचं राहिलं. 1812, रशियातल्या बोरोदिनोच्या लढाईच्या आदल्या दिवशी जेरार या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं दीड वर्षाच्या "रोमच्या राजा"चं चित्र छावणीत पोचलं. नेपोलियनने ते तंबूबाहेर मांडून सैनिकांना दाखवलं. मग म्हणे उचलून आत न्यायला सांगितलं, रणांगण बघायचं त्याचं वय नाही म्हणून. बाप म्हणून बोलला का सम्राट म्हणून, देव जाणे.

कोळसा_पेन्सिल

मंडळी, दोन दिवस कामात होतो, आत्ता सगळं एका दमात वाचलं. तिरकस यांचं म्हणणं मान्य, माझा सिद्धान्त निम्मा पडला. भटकीताई, घोडा मी जमिनीवर बसून बघितला, लॅपटॉप टेबलावर ठेवून. थोडा उडाला.

पण मला माझं चित्र सापडलं. तेही व्हेलाझ्केझचंच, 1659 चं, त्याच्या अगदी शेवटच्या कामांपैकी, आता व्हिएन्नात. राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरो, वय 2. बाल्तासार कार्लोस गेल्यावर सगळ्या स्पेनच्या आशा या पोरावर. गुलाबी-लाल झगा, वर पांढरं आवरण, आणि त्यावर लटकवलेल्या घंटा, ताईत, दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या वस्तू. ना दंड, ना घोडा. चेहरा फिकट, एक हात खुर्चीच्या पाठीवर नुसता टेकलेला. त्या हातात जोरच नाही. इतक्या ताईतांनी शेवटी काही केलं नाही, 1661 मध्ये चार वर्षांचा व्हायच्या आत गेला. पुढे ज्याच्यावर वंश संपला तो दुसरा कार्लोस त्यानंतर काही दिवसांनी जन्मलेला. इथे चित्रकाराने काहीच पुसलेलं नाही. सत्ता दाखवायची होती आणि त्याने एक आजारी मूल दाखवलं, तरी कुणी हरकत घेतली नाही.

लेकीला दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मी विचारलं, हेही आजोबा का? तर म्हणाली, "नाही, हे बाळ आहे. पण त्या खुर्चीवरच्या कुत्र्याचं नाव काय?"

कुंचलेबहाद्दर

मी हे चित्र शंभरदा बघितलंय आणि दरवेळी त्या ताईतांवर अडकलोय. कुत्रं आहे खरं! लाल खुर्चीत हनुवटी टेकून. आणि ते आपल्याकडे सरळ बघतंय.

नोंदवही

पालोमिनो नावाच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की ती कुत्री व्हेलाझ्केझच्या फार लाडक्या कुत्रीसारखी काढलेली आहे. म्हणजे राजाच्या वारसाशेजारी चित्रकाराने आपल्या घरचं माणूस बसवलं. नाव मात्र त्याने दिलेलं नाही.

आगाऊ_पाहुणा

लेकीला विचारा, तीच ठेवेल.

कोळसा_पेन्सिल

ठेवलं. मोती. कुत्री आहे म्हटल्यावर बदलून मोतीबाई केलं.